छातीवरचं कुमिस

सगळं कुरण एर्मेकच्या तंबूत लोटलं होतं. जिन उतरवणाऱ्या तोकोन बाक्शीने एर्मेकला उताणं निजवलं, "श्वास सोड, पार रिकामा हो," म्हणाला आणि त्याच्या खोल गेलेल्या छातीत डावभर कुमिस ओतलं. घोडीचं ते आंबट दूध वाटीत राहावं तसं खळग्यात राहिलं.

"पाहिलंत? इथे बसून जिन चहा पितो! बसून बसून छाती खचवली मेल्याने!"

कुमिस पुसून बाक्शीने डफ बडवला, थुंकला, मेंढीची चरबी चोळली. "आता श्वास भर, गच्च रोख!" पुन्हा डाव रिता केला. या वेळी निम्मं कुमिस गालिच्यावर सांडलं.

"खळगा भरला!" गर्दी ओरडली. आईने डोळे पुसले. "उद्याची बिश्केकची गाडी नको म्हणून कळवा. नको ते ऑपरेशन. बाक्शींना मेंढा द्या!"

एर्मेकला हायसं वाटलं. आत गेलेलं हाड हृदयाला दाबतंय, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि चढावर चार पावलं टाकली की त्याला धाप लागायचीच. पण हाडाखाली पोलादी पट्टी घालणार म्हटल्यावर तो अर्धमेला झाला होता. त्यापेक्षा चरबी परवडली!

चुलीपाशी बुरुलवहिनी मात्र हसत होती. "काय भावोजी, बरं वाटतंय का?"

एर्मेकने मान हलवली.

"मान काय हलवता? तोंडाने बोला की!"

एर्मेक लाल झाला, मग जांभळा.

"जिन बोलू देत नाहीये," बाक्शी घाईने म्हणाला.

"आत्ताच गेला होता ना? पेला विसरला वाटतं!"

एर्मेकला हसू फुटलं. फुस्स! श्वास सुटला, छाती खचली. वहिनीने वर आणखी अर्धा डाव ओतला, तरी थेंब सांडला नाही.

"बघा सासूबाई, श्वास भरला की कुणाचीही छाती वर येते. हाड काही मंत्र ऐकत नाही, त्याला आतून टेकूच द्यावा लागतो."

"मग मेंढा?" बाक्शी पुटपुटला.

"त्यालाही जगायचंय."

"पण पोराला कापणार गं," आई रडवेली झाली.

एर्मेक धापा टाकत उठून बसला. "आई, भीतीपोटीच मी श्वास रोखून धरला. येऊ दे गाडी."

थंडीच्या तोंडाला तो पट्टी घालून परतला. आईने आधी त्याला आडवं केलं. "श्वास सोड. अजून. सगळा सोड." मग जपून कुमिस ओतलं. ते दोन्ही अंगांनी ओघळून थेट गालिच्यावर गेलं.

"अगं बाई, गालिचा!" वहिनी ओरडली.

"जाऊ दे गालिचा," आई हसता हसता रडायला लागली. "यापुढे कुणी चमत्कार दाखवला ना, तर आधी त्याला श्वास सोडायला सांगायचं!"