तीन नंबरची ताटली

एकोणीसशे अडुसष्टच्या एप्रिलात धुळ्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल चाललं होतं. तीन नंबरच्या ताटलीत लालभडक फूल ठेवलेलं. वीसपैकी एकोणीस जणांनी बेधडक पांगरा लिहून टाकला. तीन नंबरला दरवर्षी पांगराच असतो, हे वरच्या वर्गातली पोरं सांगून ठेवतात. मग फुलाकडे बघतो कोण?

शिरपूरच्या वरच्या डोंगरातून आलेली रुपली पावरा तेवढी बघत बसली. तिने लिहिलं, गुलमोहर.

बाहेरगावच्या परीक्षकाने आपल्या उत्तरांच्या यादीतल्या 'पांगरा'वर बोट ठेवलं आणि तिच्या उत्तरावर फुली मारली. या एका उत्तरापायी नापास झाले तर वसतिगृहातली खाट जाणार, शिक्षण संपणार, हे रुपलीला पक्कं ठाऊक होतं. ती तडक त्याच्या टेबलाशी गेली.

"सर, हा पांगरा नाही."

"एकोणीस जण आंधळे अन् तूच शहाणी?"

"आमच्याकडे होळी झाली की पांगरा संपतो. तुम्ही आता कुठून आणलात?"

परीक्षकाने प्रयोगशाळेतल्या निंबा शिपायाकडे डोळे वटारले. निंबा मान खाजवत म्हणाला, "साहेब, पांगरा सरना. लाल फूल जोयजे व्हतं, लाल लई वनू."

पांगरा संपला म्हणून त्याने हाती लागलं ते लाल फूल आणून ठेवलं होतं. पोरं फिदीफिदी हसली. परीक्षक चिडला. "दोन्ही शेंगांचीच झाडं. पांगरा लिही, पास करतो. जा."

"शेंगांची असतील. फूल एक नाही." रुपलीने पाकळ्या बाजूला केल्या. "पांगऱ्याच्या दहा पुंकेसरांतले नऊ एकमेकांना चिकटलेले असतात, एक सुटा. इथं दहाच्या दहा सुटे. मोजा."

"तुझं बरोबर धरलं तर एकोणीस जणांचे मार्क कापावे लागतील!"

"कापा."

"ए जंगली, गप बस की!" मागून सुभाषचंद ओरडला. कापडाच्या दुकानदाराचा पोरगा तो.

"जंगलातलीच आहे, म्हणून झाड ओळखते. तू दुकानात ठाण न बघताच कापड फाडतोस का रे?"

तिने ताटली यादीवरच ठेवली आणि जागची हलली नाही. घंटा झाली, तरी नाही. शेवटी परीक्षकाने चिमटा उचलला. मोजता मोजता त्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही. फुली खोडून त्याने 'बरोबर' लिहिलं आणि सही ठोकली.

"बाकीचे पुन्हा बसा," तो पुटपुटला. "निंबा, प्रत्येकाला फूल दे."

एकोणीस जण तिच्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते. रुपली जायला मोकळी होती. गेली नाही. बाकावर हाताची घडी घालून बसली. आता तरी कोण कोण फुलाकडे बघतं, ते तिला बघायचं होतं.