प्रश्नच खोटा निघाला तर

“स्वरदाताई, तुमच्या सोळा सोमवारांचं उद्यापन का अडलंय, सांगा की पोरींना!” हेमानं आपलं व्याख्यान देता देता विचारलं.

“गुरूचा अस्त चाललाय. तो ग्रह पुन्हा दिसेपर्यंत उद्यापन करत नाहीत,” स्वरदा हळूच म्हणाली.

“बघा. पृथ्वी जागची हलत न्हाई असं मानणारेसुद्धा हा अस्त गणितानं काढायचे. समजूत चुकली, पण प्रश्न सुटला. मग विज्ञान पुढं गेलं की न्हाई? मी म्हणते, सुटलेले प्रश्न मोजा.”

वर्ग खूश. पहिल्या बाकावर अप्पारावसर मान डोलवत होते. ते लवकरच निवृत्त होणार होते. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा आपला पेपर यापुढं कुणी शिकवायचा, ते या दोघी प्राध्यापिकांना ऐकून ठरवणार होते. स्वरदाचं व्याख्यान आधीच झालं होतं. सिद्धान्त सत्याच्या जवळ सरकला तरच प्रगती, हे तिनं नीट मांडलं. पोरींनी निमूट लिहून घेतलं. व्रत तिचं, पंचांग रोज उघडायची ती. आणि त्यातलं उदाहरण सापडावं हेमाला, जी एकादशीला वडापाव खाते!

पाथरीची दीपिका उभी राहिली. “म्याडम, जुन्या लोकांना वाटायचं, ग्रह काचेच्या गोलात बसवलेत. ते गोल कोण फिरवतंय, ह्या प्रश्नाचं उत्तरबी त्यांनी काढलं. पण गोलच न्हाईत की! मग ते उत्तर मोजायचं का?”

हेमानं खडू खाली ठेवला. तिनं स्वरदाकडं पाहिलं.

स्वरदाच्या ओठांवर आलं होतं: प्रश्न खोटा आहे हे कळायलाच आधी खरं काय ते कळावं लागतं. नुसतं मोजून भागत नाही. पण तिनं पदर सारखा केला आणि मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. पडू दे एकदा तोंडघशी.

“मला न्हाई सांगता येत,” हेमा म्हणाली. “माझं माप इथं तोकडं पडायलंय.”

अप्पारावसर खळखळून हसले. “शाब्बास! स्वतःचं माप कुठं तोकडं पडतं, ते भर वर्गात सांगायलीस. पेपर तुझा.”

जिन्यात हेमानं स्वरदाचा हात धरला. “ताई, तुमाला येत होतं ना? तुमच्या तोंडावर दिसलं मला.”

“छे गं. येत असतं तर बोलले नसते का?”

हेमाला ते खरं वाटलं. “मग दोघी मिळून शोधू,” म्हणत ती खाली दीपिकाकडं धावली.

स्वरदा कठड्याला धरून उभी राहिली. खाली दोघींचा वाद रंगला होता, आणि दीपिका चाचपडत, चुकत, स्वरदानं गिळलेल्या उत्तराकडंच निघाली होती.