पाय घसरला म्हणू नका

"पाय घसरला म्हनू नका, आप्पासाहेब!"

रंगुबाई फरशीवर आडवी पडलेली, हंडा गडगडत गटारीपर्यंत गेलेला, आणि बाईच्या तोंडातून पहिला शब्द हा. आई गं नाही, पाणी द्या नाही. गर्दीत आप्पासाहेब एवढंच बोलला होता, "पाय घसरला तिचा, त्याला मी काय करनार?"

माझी चहाची टपरी त्याच्या बर्फाच्या डेपोसमोरच, माळीवाड्यात. त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळानं अख्ख्या नगरचे नळ कोरडे, आणि डेपोपुढची फरशी मात्र कायम ओली. ट्रकमधनं बर्फाच्या लाद्या उतरायच्या, डेपोतला मच्छिंद्र त्या लोखंडी आकड्यानं आत ओढायचा. मागं पाण्याचा ओघळ आणि बर्फाचे खडे. आधी तिथं लाकडाचा भुसा टाकायचे. पुढं भुसा लाद्या झाकायलाच पुरेना, मग फरशीवरचा बंद झाला.

रंगुबाई पाथर्डीकडची. नवरा मागंच गेलेला, रान कोरडवाहू. लेकीला दिराकडं ठेवून नगरला आली आणि हाटेलांना पाणी भरायला लागली. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, दोन्ही हात मोकळे. चालता चालता माझ्याशी भांडायची, पण थेंब सांडायचा नाही.

"रंगुबाई, सर्कशीत जा," मी म्हणायचो.

"तुझा च्या पिऊन जगले, आता वाघाला काय भ्यायचं?"

तर त्या बाईचा खुबा मोडला. मी आणि मच्छिंद्रनं फळीवर घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

आठवड्यानं आप्पासाहेब मोसंबी घेऊन आला. मी तिथंच होतो. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

"औशिदपानी समदं माझ्याकडं," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नालाबी हात लावीन. फक्त चार मान्सांत म्हन, माझा पाय घसरला."

"न्हाई म्हननार."

"अगं पन घसरलाच ना?"

"घसरला आसंल. पन बाईमान्साचा पाय घसरला म्हनल्यावर गावाकडं कोन इचारतं का, कुठल्या फरशीवर? नवरा न्हाई, शहरात एकली ऱ्हाती. माझ्या चांगुणाची सोयरीक ठरलीया. ह्यो शब्द यष्टीत बसला, की माझ्या आधी तिच्या सासरी उतरंल."

मला हसू आलं. ती हसली नाही, तेव्हा माझंही थांबलं.

"मंग काय म्हनायचं?"

"तुमी म्हना. माझ्या बर्फानं पाडलं."

आप्पासाहेबानं मोसंब्यांची पिशवी खाली ठेवली. "आसं मी म्हनलो, तर उद्या नगरात जो पडंल त्यो माझ्या दारात यील. कोर्टात उभं करत्याल मला."

"मंग ऱ्हाऊ द्या. ती मोसंबी बी न्या."

तो गेला, पिशवी राहिली. तिनं सगळ्या वार्डात मोसंबी वाटली. स्वतः एक फोड खाल्ली नाही.

पाथर्डीच्या गाडीचा कंडक्टर माझ्याकडंच चहा प्यायचा. त्याला मी फुकट चहा पाजून सांगितलं, रंगुबाईला बर्फानं पाडलं. मच्छिंद्र डेपोचा नोकर, पण मालक नसला की तोही हेच सांगायचा. सोयरीक टिकली. चांगुणा बोहल्यावर चढली, तेव्हा आई खाली बसू शकत नव्हती. भिंतीला टेकून उभ्यानं अक्षता टाकल्या.

पुढच्या होळीला रंगुबाई परत आली. डोक्यावरचं ओझं कायमचं सुटलं होतं. कंबरेवर एक कळशी, दुसऱ्या हातात काठी. डेपोपुढं आली आणि ओल्या फरशीच्या काठाला थांबली.

"मावशे, कडंनं जा की," मच्छिंद्र म्हणाला.

"वाट हितूनच हाय."

उभी राहिली. सायकली घंट्या वाजवून गेल्या. एका हातगाडीवाल्यानं शिवी घातली, तिनं परत घातली, पण हलली नाही. कळशी कंबरेवरनं खाली सरकायला लागली. मी उठलो, तर तिनं डोळ्यानंच बसवलं मला.

गादीवर आप्पासाहेब इकडं तिकडं बघत होता. शेवटी उठला. मच्छिंद्रला हाक मारली नाही. लाद्यांवरचा भुसा स्वतःच ओंजळीत घेतला, धोतर सावरत वाकला आणि फरशीवर पसरत गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग ती निघाली.

तेव्हापासून रोज ती यायच्या आधी भुसा पडलेला असायचा. ती गेली की त्यात एक पाऊल नीट उमटलेलं दिसायचं, आणि दुसऱ्याची नुसती रेघ. लाद्या ओढताना मच्छिंद्र त्या खुणांपाशी आला, की आकडा जरा वर उचलायचा.