कढईतला पहिला खेकडा

त्या दिवशी कढई तापायच्या आधी गोपिकाचं डोकं तापलं होतं. आणि का तापू नये?

लग्न झाल्यापासून या घरात खेकड्याचं नाव काढायची सोय नव्हती. तिचे यजमान आनंदराव हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. "वास येते, शेजारीपाजारी काय म्हणतीन?" म्हणून नाक मुरडायचे. पण मोठ्या साहेबांनी कलकत्त्याला कुठंतरी पावाचा चुरा लावून तळलेले मऊ खेकडे खाल्ले होते. त्यांनी त्याची आठवण काढली मात्र, आमचे आनंदराव छाती पुढं काढून मोकळे, "आमच्याकडे या ना साहेब, घरचेच आहेत!" घरचेच म्हणे! वारा येईल तशी पाठ द्यायची, ही त्यांची जुनी खोड.

खेकडे आणले तिच्या बापानं. रामटेककडच्या धानाच्या बांधीत चिखलात उभं राहून लहानूबाबानं बिळात हात घातले, नुकतीच कात टाकलेले मऊ खेकडे तेवढे निवडले, ओल्या गवतात गुंडाळले आणि टोपली मांडीवर घेऊन म्हातारा एसटीनं आला. अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"एक कडक निघाला वं," तो हसून म्हणाला.

आनंदरावांनी त्याला मागच्या ओट्यावर बसवलं. "मामाजी, इथं हवा चांगली आहे." हवा! गोपिकाला काय कळत नव्हतं?

तिच्या माहेरी एक रीत होती. बिळात ज्यानं हात घातला, कढईतला पहिला खेकडा त्याचा. घरी पाटील पाहुणा आला तरी आधी धरणाऱ्याचा.

तिनं खेकड्यांची तोंडं कापली, कल्ले काढले, हळद-तिखट चोळलं, अंड्यात बुडवून वाळल्या पावाच्या चुऱ्यात घोळवलं. कवच इतकं मऊ, की नांग्यांसकट चावून खावं. पहिला तेलात सोडला आणि बाहेरच्या खोलीतून साहेबांचा आवाज आला. घर आगगाडीच्या डब्यासारखं, पुढून थेट मागचं दिसायचं.

"आनंदराव, मागं बसलेत ते कोण?"

"तो? शेतावरचा गडी आहे साहेब. तोच खेकडे आणून देतो."

लहानूबाबा उठून उभा राहिला. त्यानं हात जोडले. "हो जी सायेब. गडीच आहो मी."

गोपिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, काहून म्हटलं असं?"

"जाऊ दे वं माय. तुले इथं राहाचं आहे. मी तर संध्याकाळच्या गाडीनं चाललो."

ते ऐकून ती जास्तच पेटली. बाप तिच्या संसारापायी गडी व्हायला तयार होता, आणि नवरा त्याला करायला!

तिनं पहिला खेकडा ताटलीत काढला. तेवढ्यात आनंदराव आत आले. "झाला का? दे, साहेब वाट पाहून राहिले."

"हा तुमच्या सायबाचा नाही."

"हळू बोल!"

"काहून हळू?" ती ताटली घेऊन सरळ बाहेरच्या खोलीच्या दारात गेली. "सायेब, ज्यानं धरला त्याचा पहिला, अशी आमची रीत आहे. अन् तो माणूस माहा बाप आहे. गडी असता तरी पहिला त्याचाच होता!"

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. आनंदरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

गोपिकानं ताटली बापासमोर ठेवली आणि झारा नवऱ्याच्या हातात दिला. "घ्या. बाकीचे तुम्ही तळा. गड्याच्या पोरीच्या हातचं सायबाले कसं चालन?"

मग ती बापाजवळ ओट्यावर बसली. लहानूबाबानं खेकडा मोडला, अर्धा तिच्या हातावर ठेवला.

"मीठ राहिलं वं."

"राहू द्या. खा."

आत आनंदरावांच्या टेरीलिनच्या सदऱ्यावर तेल उडत होतं आणि जळकट वास यायला लागला होता. म्हाताऱ्यानं घास गिळला, मान वळवली आणि बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"जवाईबुवा, आच कमी करा. करपून राहिले."