दिसतात, सापडत नाहीत

शके १९४६, माघ वद्य षष्ठी, मंगळवार. कृष्णाकाठच्या देवशिंगी गावातील सार्वजनिक वाचनालयात, भर दुपारी, सौ. सुमतीबाई आठल्ये पुस्तक परत करावयास गेल्या आणि पुस्तकासह रीतसर जमा करून घेतल्या गेल्या.

यात कोणास नवल वाटले नाही. जमा झालेले जे असेल ते पडद्यावरील रकान्यात लिहून मागावे आणि सापडल्यास घरी न्यावे, असा नवा नियम होता. तेव्हा त्यांचे यजमान गंगाधरपंत, मराठीचे निवृत्त अध्यापक, रांगेत उभे राहिले. रकाना अरुंद होता. त्यामुळे त्याच्याजवळ येता येता माणसे खांद्यांत अरुंद होत.

काचेपलीकडे, बाकावर, सुमतीबाई पदराने चष्मा पुशीत बसल्या होत्या.

पंतांनी उभ्या आयुष्यात अपुरे वाक्य लिहिले नव्हते. त्यांनी लिहिले, ‘माझी धर्मपत्नी सौ. सुमती, जी आज येथे आली, ती मला परत मिळावी.’ रकान्याने पहिले दोन शब्द ठेवले आणि बाकीचे गिळले. दारातून कोणाची तरी धर्मपत्नी पिशवी सावरीत बाहेर आली. पडद्यावर ‘हो’ हे बटण तळहाताएवढे हिरवे होते. ‘नाही’ तिळाएवढे, फिकट. आणि ते दाबणाऱ्यास रांगेच्या शेवटी जावे लागे.

पंतांनी तीळ दाबला.

“अहो, ती काय समोर बसली आहे!” ते खिडकीतल्या ढवळेबाईंना म्हणाले.

“दिसताहेत हो, सर. सापडत नाहीयेत.”

“जे दिसते ते सापडलेलेच असते. याविरुद्ध आपला काय युक्तिवाद?”

“वाद घालायचा रकाना वेगळा आहे, सर. तो अजून बसवला नाही.”

काचेवर टकटक झाली. “अहो, मी माहेरच्या नावानं सभासद आहे,” सुमतीबाई म्हणाल्या. “लग्नाआधीपासून.”

“मग सांग ना नाव!”

“मी सांगून चालत नाही म्हणे. नेणाऱ्यानं लिहायचं.”

लग्नात तबकातल्या तांदळांवर अंगठीने ‘सुमती’ ही अक्षरे पंतांनीच रेखली होती. त्या तांदळांखाली कोणते नाव गेले, हे त्यांनी पुन्हा कधी उकरून पाहिले नव्हते. ते रांगेच्या शेवटी गेले, पुढे आले, पुन्हा शेवटी गेले. त्यांचा कोट खांद्यांवरून घसरू लागला.

शेजारचे थोरात बाहेर पडताना थबकले. त्यांच्यासोबत एक अनोळखी गृहस्थ होता. “भाऊ मागितला, साडू मिळाला,” थोरात म्हणाले. “न्यायचा. भाऊ तरी दुसरं काय करायचा? जेवायचाच. तुम्ही फार चिकित्सा करता बुवा, गुरुजी.”

पाठवणीच्या दिवशी सासूबाई गाडीमागे धावल्या होत्या. “चंद्रे, शाल राहिली गं!” पंतांना ती हाक पडद्यासमोर पोहोचता पोहोचता ऐकू आली. त्यांनी लिहिले, ‘चंद्रभागा’.

काचेपलीकडून ती अक्षरे वाचून त्या उठल्या. बऱ्याच दिवसांत हसल्या नव्हत्या तशा हसल्या आणि वहाण शोधू लागल्या.

रकान्यातले नाव पुसले गेले आणि पडद्यावर उमटले, ‘आपणास सुमती म्हणावयाचे आहे ना? आपण नेहमी हेच लिहिता.’ खाली तळहात. त्याच्याही खाली तीळ.

पंतांनी मागे पाहिले. रांग दाराबाहेर, घाटाच्या पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत गेली होती. त्यांचे गुडघे ठणकत होते. सुमती हेही तिचेच नाव, त्यांनी विचार केला. तेव्हा ‘हो’ हे उत्तर असत्य ठरत नाही. या युक्तिवादात त्यांना दोष काढता आला नाही. त्यांनी हिरवे बटण दाबले.

दार उघडले. तेच लुगडे, तोच चष्मा, तीच पिशवी. “चला,” आलेली बाई म्हणाली, “दूध विरजायचं राहिलंय.” तिचा हात ओळखीचा, उबदार होता.

काचेपलीकडे चंद्रभागा एक वहाण पायात आणि एक हातात घेऊन त्यांच्याकडे पाहत उभी होती.

ढवळेबाईंनी फडक्याने पडदा पुसला.

“सापडल्या,” त्या म्हणाल्या.