बारव धुतली

थू असल्या गावावर. आन् पयली थू माज्यावर, कारण खराटा माज्याच हातात होता.

झरीच्या अलीकडं आमचं गाव. शिवाराच्या कडंला जुनी पायऱ्यांची बारव हाय. तिच्यात शेवाळाखाली पिवळ्या पोटाचे बेडकं राहायचे, कवाच पाण्याभाईर येत नसायचे. परभणीच्या कॉलेजातल्या माधवी म्याडम म्हनल्या, असला बेडूक आता कुठंच घावत न्हाई, हितंच एकवीस उरलेत. राखायचा जिम्मा त्यांनी शेरडं वळणाऱ्या सरजाबाईवर टाकला. म्हातारी लय इमानदार. दोन वर्सं तिनं बारवंत कुणाला साबण लावू दिला न्हाई. गाव तिला बेडकाची माय म्हनून चिडवायचं. मीबी चिडवायची.

मग बेडूक बगायला मोठे साहेब येणार, अशी खबर आली. सरपंच व्यंकटराव म्हनले, बारव किती घाण हाय, गावाची इज्जत जाईल. सरजाबाई आडवी आली, शेवाळ काढलं तर लेकरं राहतील कुठं म्हनून भांडली. व्यंकटराव गोड हासले, न्हाई काढत म्हनले. भोळी म्हातारी शेरडं घिऊन रानात गेली आन् मागं आमा बायांना हुकूम सुटला. आमी शेवाळ खरवडलं, पायऱ्या घासल्या. पंचायतीचा शिपाई भुजंग, त्यानं ब्लिचिंग पावडरीची दोन पोती पाण्यात रिकामी केली. म्या इचारलं, बेडकांचं कसं? तर म्हनला, तेबी सोच्छ होतील की. आमी समद्या हासलो. त्या हासण्याची मला अजून किळस येती.

दिस कलल्यावर सरजाबाई शेरडं पाजायला आली. शेरडांनी पाण्याचा वास घेतला आन् मागं फिरली. पाणी तळापस्तोर नितळ, आन् वर पिवळी पोटं तरंगायलेली. म्हातारी कमरंइतक्या पाण्यात उतरली, एकेक उचलून पदरात घेतलं.

"तूबी होतीस का गं, कुसुम?" येवढंच इचारलं तिनं. म्या हात पाठीमागं घेतले.

दुसऱ्या दिशी मांडव घातला. दाखवायला बेडूक पायजे म्हनून भुजंगानं क्यानॉलमधला एक जाडा बेडूक धरून टपात ठिवला. साहेबांनी त्याच्यासंगं फोटो काढला. वरून कीर्तन, आतून तमाशा. शाल-नारळासाठी सरजाबाईचं नाव पुकारलं. ती गेली आन् पदर टेबलावर सोडला. घाण सुटली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"मोजून घ्या, साहेब," ती म्हनली. "एकवीस हायेत. पाणी मातर लय साफ झालंय."

माधवी म्याडम तितंच खाली बसल्या. व्यंकटरावांनी टेबल पुसून घेतलं आन् जिलबी वाटायला लावली. गावानं खाल्ली. मीबी खाल्ली, हाताला पावडरीचा वास असून खाल्ली.

आता बारवंवर बोर्ड हाय: हितं बेडूक धरायला मनाई. तेवढा नियम आमचं गाव नीट पाळायलंय.