सिआसीच्या केसातला पारा

उत्तरेकडच्या आमच्या बर्फाळ गावच्या दवाखान्यात दक्षिणेतून आलेल्या त्या जोझियान नावाच्या नर्सवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. माझ्या लेकीला, सिआसीला, दिवस गेले तसे बाईनं तिच्या मानेवरचे केस कापून दक्षिणेतल्या शहरात तपासायला पाठवले आणि महिन्यानं सांगितलं, "पारा फार आहे, तो देवमाशातून येतो. बाळंत होईपर्यंत बेलुगा देवमाशाचं वाळवलेलं मांस बंद. मासे खा, सीलचं मांस खा, हवं तेवढं."

म्हणे पारा! कारखाने त्या दक्षिणवाल्यांचे, धूर त्यांचा, आणि ताट उचलायचं आमच्यापुढचं? मी सात पोरं याच देवमाशावर वाढवली. शिकारीवर बंधनं घालून झाली, आता पोरींना घाबरवायचं, दुसरं काय!

सिआसी मात्र घाबरली. आधीचं एक तिच्या पोटातच गेलं होतं. मासे खाऊन खाऊन पोर पार सुकली, मला बघवेना. ऑगस्टात गावात बेलुगा आला, आमचा वाटा मी वाळत घातला आणि तिचं जेवणखाण हातात घेतलं. वाळलं की सील काय, बेलुगा काय, काळंच दिसतं. आंबवलेल्या तेलात बुडवून पुढे ठेवायची, "सील आहे गं, खा." आईच्या हातचं कोण तपासून खातं? तिच्या गालांवर रंग आला. मी मनात म्हटलं, नर्स आता 'पारा उतरला' म्हणणार, मग काढते त्या बाईचं सोंग बाहेर.

ऑक्टोबरात पुन्हा केस गेले. नर्स कागद घेऊन बसली. "केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे एकेक सेंटिमीटर एकेका महिन्याचा. जुलैपर्यंत पारा उतरलाय. ऑगस्टपासून चढलाय, पहिल्याहून जास्त. काय खाल्लंत?"

"काही नाही! शप्पथ!" सिआसी रडायलाच लागली. "तुमचं यंत्र खोटं आहे!"

हेच तर मला ऐकायचं होतं. पण बाईनं महिना नेमका सांगितला होता.

"मी घातलं," मी म्हटलं. "सील म्हणून."

सिआसीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बाळाला काय होईल?" तिनं नर्सला विचारलं.

"ठोके चांगले आहेत. बाकीचं आत्ताच नाही सांगता येणार."

घरी आल्यावर मी डोक्याशेपटीसकट अख्खा मासा उकडून तिच्यापुढे ठेवला. ती ताट उचलून शेजारणीच्या दारात गेली.

"बघ गं जरा," ती म्हणाली, "हा मासाच आहे ना?"